सीटला न कळलेली मुलगी

यार्डात त्यांना सगळे वायरमनबाई म्हणत. वायरमन आणि बाई एकाच माणसात कसं काय मावतं, हा प्रश्न नव्याने आलेल्या ड्रायव्हरला दोन-चार दिवस छळायचा. मग कधीतरी त्याचं मशीन भर कामात रुसून बसायचं, बाई स्कूटरवरून यायच्या, मीटरच्या दोन टोकांनी दोन तारांची हलकेच विचारपूस करायच्या, आणि मशीनबरोबर ड्रायव्हरचाही प्रश्न सुटायचा.

यार्ड बुटक्या लोडरांचं. मोठी यंत्रं जिथे शिरत नाहीत अशा बोळांत, अंगणांत, दोन भिंतींच्या सांदीत जाऊन माती-विटा उचलायला हे लोडर भाड्याने जायचे. पुढे बकेट, मध्ये पिंजऱ्यासारखी केबिन आणि केबिनच्या दोन्ही अंगांना दोन लोखंडी हात. हे हात बसलेल्या माणसाच्या अगदी खांद्याजवळून वर जातात. ते हलत असताना कुणी सीटवरून उठलं, बाहेर डोकावलं, तर काय होईल ते सांगायला नको. बाई तर तो विचार मनातसुद्धा पुरा होऊ देत नसत. म्हणूनच बनवणाऱ्यांनी लोडरला एक सवय लावून ठेवली होती. तो सारखा दोन गोष्टी विचारत राहायचा. सीटवर कुणी बसलंय का? समोरचा बार मांडीवर खाली घेतलाय का? दोन्हीकडून ‘हो’ आलं तरच हात हलायचे. एकीकडून जरी उत्तर आलं नाही, तरी ते असतील तिथे थिजायचे.

ह्या दोन प्रश्नांची बाईंना फार माया. तारांवरून ते प्रश्न जाताना जणू त्यांना दिसायचे. अंधाऱ्या वाटेने कुणी छोटा दिवा घेऊन घरोघर विचारत जावं, आहात का, जागे आहात का, तसे. त्यांचं स्वतःचं डोकंही ह्याच धर्तीवर चालायचं. गॅस बंद केला का? इस्त्रीची पिन काढली का? कुलूप लागलं का? जिना उतरून खाली गेलेल्या बाई परत वर येऊन कुलूप ओढून बघत. नवरा पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर सीटची कव्हरं शिवत बसलेला असे. दार आतून उघडून तो म्हणे, “अगं, मी घरात आहे. मला कोंडून चाललीस.”

“अहो, मग आधी बोलायचं नाही का?”

“रोज बोलतो. त्या कुलपालाच विचार.”

तारांचं हे वेड लग्नाआधीचं. कॉलेज संपून निकालाची वाट बघत घरात बसल्या होत्या, तेव्हा भावाच्या दुकानात पंखे आणि इस्त्र्या उघडायची सवय लागली. भावाला वाटलं, मजा म्हणून करतेय, करू दे. पुढे गिऱ्हाईक दारातूनच विचारायला लागलं, “ताई आहेत का?” तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. लग्नानंतर यार्डात जागा निघाली, आणि मुलगी शाळेत जाऊ लागली त्या वर्षी बाईही यार्डात जाऊ लागल्या.

मुलीला घरात पिसू म्हणत. लहानपणी ती एका जागी बसायचीच नाही. खुर्चीवरून खिडकीत, खिडकीतून कपाटावर. दुपारी आईच्या मांडीवर झोपली तेवढीच काय ती स्थिर. शाळा सुटली की ती यार्डात यायची आणि बंद लोडरमध्ये बसून तोंडाने इंजिनाचे आवाज काढायची. बाईंना तेव्हा त्याचं कौतुक वाटायचं. हीच पिसू कॉलेज करून, लोडर चालवायचं रीतसर शिकून, परीक्षा देऊन घरी आली आणि म्हणाली, “मला यार्डात ड्रायव्हर म्हणून घेतलं,” तेव्हा मात्र त्या कौतुकाचं पाणी झालं.

“एवढी शिकलीस ती ह्यासाठी?”

“तूही शिकलीस की.”

“मी बंद मशीनवर काम करते. तू चालूवर बसणार.”

“बंदवर बसायला कुणी ठेवतं का, आई?”

नवऱ्याने शिलाई थांबवून दोघींकडे पाहिलं आणि शहाण्या माणसासारखी पुन्हा सुरू केली. बाईंचा अबोला काही दिवस टिकला. मग एका सकाळी त्या लवकर यार्डात गेल्या, पिसूला मिळणार होता तो लोडर बाजूला घेतला आणि त्याची तारन् तार तपासली. त्यांच्या भाषेत ती परवानगी होती.

त्या लोडरवर आधी पैलवान बसायचा. पैलवान म्हणजे नावासारखाच गडी, तो चढला की लोडर एका अंगाला झुकून नमस्कार केल्यासारखा करायचा. त्याची दुसऱ्या साइटवर बदली झाली आणि सीट पिसूला मिळाली.

साइट एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात होती. तिथे बाग करायची होती. जुन्या भिंती पाडून झालेल्या, विटांचे ढीग पडलेले, आणि त्या ढिगांवरून दिवसभर तांबूस धूळ तरंगत असायची. ऊन त्या धुळीत शिरलं की सगळं आवार पाण्याखाली असल्यासारखं वाटायचं. माणसं सावकाश चालताहेत, आवाज लांबून येताहेत. त्या सगळ्यात पिसूचा पिवळा लोडर एखाद्या माशासारखा इकडून तिकडे फिरायचा. आणि मध्येच थांबायचा. बकेट विटांनी भरलेली, हात अर्ध्यावर, आणि तसाच गप्प.

मुकादमाचा फोन आला. बाई गेल्या.

यार्डात एक रीत होती. कुणी घालून दिली ते कुणालाच माहीत नव्हतं. ज्याने दुरुस्त केलं त्याने आधी स्वतः सीटवर बसायचं, बकेट पूर्ण वर नेऊन खाली आणायची, आणि मगच लोडर ड्रायव्हरच्या ताब्यात द्यायचा. आपल्या कामावर आपलाच जीव ठेवून दाखवायचा, असा त्यामागचा भाव. बाईंना ही रीत फार आवडे. त्या साइटवर पोचल्या की पहिलं वाक्य ठरलेलं, “पिसू, तू आधी खाली उतर.” मग स्वतः बसायच्या. बार खाली. समोरच्या पाटीवरचे दोन छोटे दिवे, एक सीटचा, एक बारचा, लागायचे. बकेट वर जायची, खाली यायची. काही म्हणजे काही बिघाड नाही.

पहिल्या खेपेला त्यांनी कनेक्टर साफ केले. पुढच्या खेपेला बारचा सेन्सर काढून पुसून परत बसवला. त्यानंतर सीटखालचा स्विचच नवा घातला. दर वेळी रीतीप्रमाणे स्वतः बसून बघितलं, दर वेळी लोडर गुणी बाळासारखा चालला, आणि बाईंची स्कूटर फाटकाबाहेर पडते न पडते तोच पुन्हा थिजला.

शेवटी मुकादम वैतागला. वाईट माणूस नव्हता, पण काम रखडलं की त्याच्या बोलण्याला काटे फुटायचे. “बाई, राग मानू नका. तुम्ही बसलात की ते शहाण्यासारखं चालतं. पोरगी बसली की नखरे. मग नखरे कुणाचे समजायचे मी?”

“मशीनला नखरे नसतात. फॉल्ट असतो.”

“असेल, पण दिसत नाही ना तो! आज संध्याकाळपर्यंत थांबतो. नाहीतर उद्या पैलवानाला परत मागवून घेतो. पोरीला यार्डात मशीनं धुवायला तरी ठेवतील.”

पिसूने हे ऐकलं. मुकादम गेल्यावर ती आईजवळ आली. धुळीने तिच्या पापण्या तांबड्या झाल्या होत्या. “आई, सीटचा स्विच डायरेक्ट करून टाक. एक वायरचा तुकडा लागेल. मी बसले काय, न बसले काय, त्याला कायम ‘हो’च ऐकू येईल. सगळे करतात.”

“सगळ्यांच्या आया वेगळ्या.”

“मग फॉल्ट शोध ना!”

“शोधतेच आहे.”

“नाही शोधत.” पिसूचा आवाज खाली आला. ओरडली असती तर बरं, असं बाईंना वाटलं. “तुला तो सापडायलाच नकोय. मी खाली उतरले की तू सुटलीस. मी काही तुझं कुलूप नाही, सारखं ओढून बघायला.”

मघाशी मुकादम पैलवानाचं नाव घेत होता, तेव्हा छातीतलं काहीतरी क्षणभर सैल झालं होतं. ते त्यांना स्वतःलाही दिसायला नको होतं, आणि ह्या पोरीने नेमकं त्याच्यावर बोट ठेवलं.

जेवणाची सुट्टी झाली. माणसं पडक्या भिंतीच्या सावलीत डबे घेऊन बसली, पिसूही त्यांच्यात जाऊन बसली, आईकडे पाठ करून. बाई लोडरच्या सीटवरच बसून राहिल्या. मीटर मांडीवर. जाळीतून ऊन आत येत होतं आणि त्यांच्या हातांवर चौकड्या पडल्या होत्या. त्यांनी पुन्हा सगळ्या तारा मनातल्या मनात चालून बघितल्या. बारपासून निघून, केबिनच्या मागून, फ्यूजच्या डबीपाशी, तिथून सीटखाली. दिवा घेतलेला तो छोटा माणूस प्रत्येक दारात थांबून पुढे जात होता आणि प्रत्येक दारातून कुणीतरी ‘आहे, आहे’ म्हणत होतं. लांब कुठेतरी पत्र्यावर वारा वाजत होता. बाईंचे डोळे कधी मिटले ते त्यांना कळलं नाही.

त्या एका बसमध्ये होत्या. बस पाण्यातून चालल्यासारखी सावकाश चालली होती, खिडकीबाहेर तांबडी धूळ माशांसारखी पोहत होती. मांडीवर पिसू होती, अगदी लहान, झोपेने जड झालेली. कंडक्टर आला. त्याच्या हातात तोच छोटा दिवा.

“किती जण?”

“दोघी,” बाई म्हणाल्या.

कंडक्टरने वाकून बघितलं. “मला तर एकच दिसतेय.”

“अहो, ही काय मांडीवर!”

“तुम्ही दिसताय. तुमच्यापुढे दुसरं कुणी कळत नाही. तुम्ही जरा उठता का?”

बाई उठल्या, आणि उठताना पिसूला सीटवर ठेवलं. कंडक्टरने सीटवर दिवा धरला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “रिकामी आहे.” पिसू तिथे बसून पाय हलवत होती, ‘मी आहे ना, मी आहे ना’ म्हणत होती. तिचं तोंड हलताना दिसत होतं, आवाज मात्र येत नव्हता. कंडक्टर पुढच्या सीटकडे निघून गेला.

मीटर मांडीवरून घसरून खाली पडलं, त्या आवाजाने बाई जाग्या झाल्या. त्यांनी केबिनबाहेर डोकं काढून हाक मारली, “पिसू! इकडे ये. लवकर.”

पिसू आली, पण तोंड फुगलेलंच. “काय?”

“बस इथे.”

“मी?” पिसू खरंच चकित झाली. इतक्या दिवसांत आई साइटवर आली की तिला उतरवत होती. चढ म्हणत नव्हती.

“इंजिन नको. नुसती किल्ली फिरव, दिवे लागू देत. बार खाली घे.”

पिसू बसली. पाटीवरचे दोन्ही दिवे लागले. “लागले. बघ, सगळं बरोबर आहे. आता म्हण, फॉल्ट नाही.”

“आता बकेटची धार बघायला वाकतेस ना, तशी वाक.”

पिसू पुढे वाकली. सीटचा दिवा मिणमिणला आणि विझला. ती मागे टेकली, लागला. वाकली, विझला.

“उतर,” बाई म्हणाल्या. स्वतः बसल्या, वाकल्या, डाव्या-उजव्या झुकल्या, अगदी हिसके देऊन बघितले. दिवा ढिम्म. बाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांना खोकला आला आणि डोळ्यांत पाणीही.

“काय झालं? आई?”

“अगं, सीटला तू कळतच नाहीस! मी बसले की ती दबते, मी मेली पोत्यासारखी. पैलवान बसला की दबते. तू बसतेस ती नुसती टेकतेस. खड्ड्यात आदळलं, जरा वाकलीस, की तिला वाटतं उठली. ती बिचारी बरोबरच वागतेय. रिकाम्या सीटवर हात कसे हलवायचे?”

“मग तुला इतके दिवस कसं...” पिसू बोलता बोलता थांबली. उत्तर दोघींनाही एकदमच कळलं. आधी तू उतर. दर वेळी. बाईंनी लेकीला त्या सीटवर कामाला बसलेलं कधी डोळे भरून पाहिलंच नव्हतं. साइटवर येताना त्यांची नजर त्या पिंजऱ्यावरून घसरून तारांवर जायची. यार्डाच्या रीतीने त्यांची सोय केली होती, आणि त्याच सोयीत फॉल्ट लपून बसला होता.

सीटच्या पुढे, रबराच्या झालरीखाली, एक गोल खुंटी असते. बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे ती फिरवून सीटची स्प्रिंग कडक किंवा मऊ करायची. बाईंनी झालर उचलून हात आत घातला. बोटांना सिमेंटचा खडा लागला. पैलवानाच्या काळात ती खुंटी पार शेवटापर्यंत कडक केलेली होती आणि त्यावर धुळीचा नि पाण्याचा थर सुकून दगड झाला होता. हे काही बिघडलेलं नव्हतंच, म्हणून ते तपासायच्या यादीतही नव्हतं.

झालरीखाली हात तसाच ठेवून बाई गुडघ्यांवर बसून राहिल्या. ऊन पाठीवर होतं. पिसू पाणी आणायला गेली होती. ही खुंटी आहे हे ह्या आवारात त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. हात बाहेर काढायचा, झालर सोडायची, ह्याला इलाज नाही म्हणायचं, की झालं. उद्या पैलवान येईल, पिसू यार्डात मशीनं धुवेल, चिडेल, रडेल, आणि रोज संध्याकाळी जिना चढून घरी येईल. चिडलेली मुलगी घरी येते. बाईंनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढे ती बस पुन्हा आली आणि सीटवर बसून तोंड हलवणारी, कुणालाच ऐकू न येणारी पिसू. ती किती वेळ ‘आहे, आहे’ म्हणत होती!

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरने सिमेंट खरवडायला सुरुवात केली. खडे उडून तोंडावर आले. पिसू पाणी घेऊन आली तशी म्हणाल्या, “ते नंतर. पाना दे.” खुंटी आधी हलेना, मग कुरकुरली, मग वळली. बाई थोडं फिरवत आणि पिसूला बसवत. वाक. विझला? अजून थोडं. वाक. आता मागे हो. आता उठल्यासारखी कर, पूर्ण. सीट हळूहळू पिसूखाली बसू लागली, जसं कुणी मांडी सैल सोडावी. शेवटी ती वाकली तरी दिवा तसाच राहिला, आणि उठली की लगेच विझला. बाईंना दोन्ही हवं होतं. वाकल्यावर लागलेला दिवा आणि उठल्यावर विझलेला.

तोपर्यंत मुकादम आला होता. मागे जेवून उठलेली सगळी मंडळीही. “सापडलं का, बाई?”

“सापडलं.”

“चला, मग बसा तुम्ही आधी. बकेट वर नेऊन दाखवा, म्हणजे आम्ही मोकळे.”

बाई लोडरपासून बाजूला झाल्या. “मी नाही बसायची.”

“अहो, रीत आहे तुमच्या यार्डाची.”

“मी बसून काय कळणार? माझ्याखाली ती आधीपासूनच चालत होती. आज ती बसेल.” हे बोलताना त्यांनी हातातला पाना पिशवीत टाकला. आपण जिथे आधी बसलो नाही तिथे लेकीला बसवायचं, हे त्यांच्या सगळ्या आयुष्याच्या उलट होतं.

पिसू चढली. बार खाली घेतला. इंजिन सुरू झालं तसं आवारातली धूळ लोडरभोवती गोल फिरायला लागली. बाई समोर, चांगल्या अंतरावर, तिला दिसतील अशा उभ्या राहिल्या. त्यांनी हात गुडघ्याएवढा धरून दाखवला: बकेट इतकीच वर. मग तळहात वर केला: आता उठ.

बकेट वर जात असतानाच पिसू सीटवरून जराशी उठली. लोडरचे हात जिथल्या तिथे थिजले.

“गेलं! पुन्हा गेलं!” मुकादम ओरडला.

“गेलं नाही हो,” बाई म्हणाल्या. आवाज त्यांच्याच कानांना नवा वाटला. “थांबलं. थांबायलाच हवं होतं. त्याला कळलं ती उठली ते.”

पिसू पुन्हा बसली, पुन्हा चालू करायचं बटण दाबलं, आणि हात जिवंत झाले. तिने विटांच्या ढिगात बकेट घातली, भरली, उचलली. मग त्या भरल्या बकेटीनिशी ती खड्ड्यांतून, तुटलेल्या विटांवरून, मुद्दाम वाकडी-तिकडी निघाली. लोडर डुलत होता, आदळत होता. धार बघायला ती पुढे वाकत होती, मागे बघायला मान वळवत होती, आणि हात तिच्या खांद्यांशेजारून वर जात होते, खाली येत होते, एकदाही न अडखळता. बाई पापणी न हलवता बघत राहिल्या. किती सराईत हात होते पोरीचे! एवढीशी असताना तोंडाने आवाज काढायची. आता आवाज मशीन काढत होतं आणि ती गप्प होती, ओठ किंचित आवळलेले, नजर धारेवर. एका जागी बसलेली.

मुकादमाने खिशातून फोन काढून पैलवानाला लावला. “राहू दे रे,” तो म्हणाला, “तू तिथंच थांब.” मग बाईंकडे वळून काही बोलणार होता, पण बाईंचं लक्ष नव्हतं. त्या धुळीतून चालत कधी पुढे गेल्या होत्या त्यांनाही कळलं नव्हतं. आवाराच्या मधोमध, नेमक्या लोडरच्या वाटेत येऊन उभ्या होत्या.

लोडर थांबला. पिसूने बकेट जमिनीला टेकवली, इंजिन मंद केलं आणि जाळीच्या आडून ओरडली, “आई! बाजूला हो ना. मला वळायचंय.”

“हो, हो,” बाई म्हणाल्या, आणि चांगल्या लांब, विटांच्या ढिगाच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.